युफोनियमला कोणता माउथपीस घ्यावा? लेकीसाठी मदत हवी आहे

प्राजक्ता_न्यूजर्सी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे पेटी-तबल्याचं घर, फुंकायच्या वाद्याशी कुणाचाच संबंध आलेला नाही, म्हणून इथे विचारते आहे.

लेक सातवीत आहे. गेल्या वर्षी शाळेच्या बँडमध्ये तिने सॅक्सोफोन मागितला होता, पण तिच्या वाट्याला युफोनियम आलं, म्हणजे लहान ट्यूबासारखं दिसणारं पितळी फुंकवाद्य. पहिले आठ दिवस रडली. आता रात्री जेवायच्या वेळी ते हातातून काढून ठेवावं लागतं, इतकं ते तिला आवडायला लागलंय. वाद्य शाळेचं आहे, यामाहा ३२१, चार व्हॉल्व्हचं, म्हणजे दाबायच्या चार कळांचं. सोबत यामाहाचाच ४८ नंबरचा माउथपीस (ओठ टेकवून फुंकायचा सुटा तुकडा) आहे.

बँडचे सर म्हणाले, आता तिला थोडा मोठा माउथपीस द्या, बाख कंपनीचा ६½एएल किंवा त्याच्यासारखा. मी ऑनलाइन शोधलं. एका दुसऱ्या कंपनीचा ‘एएल’ लिहिलेला स्वस्तात मिळाला, तो मागवला. वाद्यात घातला तर जेमतेम नखभर आत जातो आणि डगडगतो. दुकान म्हणतं, पाकीट फोडलेला माउथपीस स्वच्छतेच्या कारणाने परत घेता येत नाही.

तर प्रश्न असे: माझं नेमकं चुकलं कुठे? मोठा माउथपीस घेतल्याने खरंच फरक पडतो का? आणि तिला जूनमध्ये दातांना तारा लागल्यात, त्यामुळे ओठ आतून सोलवटतो. त्याला काही उपाय?

---

निवृत्त_बँडवाला (पुणे)

ताई, आधी तुमच्या लेकीला शाबासकी. मुलीच्या हातात युफोनियम आलं आणि तिला ते आवडलं, हे वाचून फार बरं वाटलं. मी २४ वर्षं फौजेच्या बँडमध्ये हेच वाद्य वाजवलं. पचमढीला फौजेच्या संगीत शाळेत कोर्स केला, परेडला वाजवलं, मेसमध्ये वाजवलं, शहीद जवानाला निरोप देताना वाजवलं. या वाद्याचा आवाज माणसाच्या छातीतल्या आवाजाच्या सगळ्यात जवळचा आहे असं माझं मत आहे आणि ते आता बदलणार नाही.

तुमचं चुकलं ते शँकच्या बाबतीत. माउथपीसची जी दांडी वाद्यात जाते तिला शँक म्हणतात आणि वाद्याच्या ज्या नळीत ती बसते तो रिसीव्हर. युफोनियममध्ये तीन मापांच्या शँक चालतात: लहान, मधली आणि मोठी. तुमच्या ३२१ ला लहान लागते, तीच जी साध्या टेनर ट्रॉम्बोनला लागते. हल्लीच्या मोठ्या, कॉम्पेन्सेटिंग (खालचे सूर जुळवायला जादा नळ्या असलेल्या) युफोनियमना मोठी लागते. मधलीला काही लोक युरोपियन म्हणतात. बेसन या वाद्यकंपनीची सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची वाद्यं मधल्या शँकची आहेत आणि आपल्याकडच्या जुन्या बँडांत ती अजून सापडतात.

कप (आतली वाटी), रिम (ओठ टेकतात ती कड), सोन्या-चांदीचा मुलामा हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: माझ्या वाद्याचा रिसीव्हर कोणत्या शँकचा आहे?

घरच्या घरी तपासायची रीत सांगतो, आमच्या उस्तादांनी मला अशीच शिकवली होती. माउथपीस हलक्या हाताने घाला, दाबू नका, ठोकू तर मुळीच नका. अगदी थोडा फिरवून सोडा. जिथे रिसीव्हरची कड येते तिथे शँकवर मऊ पेन्सिलीने बारीक रेघ मारा. बाहेर काढून पट्टीवर मोजा. साधारण इंचभर आत गेला असेल आणि वरून बोटाने हलवल्यावर जराही खुळखुळत नसेल, तर शँक बरोबर आहे. नखभरच गेला तर शँक मोठी आहे. सुळकन आत जाऊन तळाशी अडला आणि हलत राहिला तर लहान आहे.

तारांबद्दल रात्री लिहितो, आत्ता नातवाला क्लासला सोडायचंय.

---

यॉर्कशायर_मराठी

प्राजक्ताताई, तुमची चूक म्हणजे फक्त तुमची नाही, ती नावांची गल्लत आहे. मी इथल्या गावच्या ब्रास बँडमध्ये दुसरं युफोनियम वाजवतो. आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी याच खड्ड्यात पडतं.

बाखच्या ६½एएल मधल्या ‘एएल’चा शँकशी काही संबंध नाही, ते कपाच्या जातीचं नाव आहे. तो माउथपीस लहान शँकमध्येही मिळतो आणि मोठ्या शँकमध्येही, मागवताना वेगळं सांगावं लागतं. डेनिस विक या दुसऱ्या कंपनीच्या माउथपीसवर मात्र ४एएल लिहिलेलं असेल तर ‘ए’ म्हणजे खोल कप आणि ‘एल’ म्हणजे मोठी शँक. तिथे लहान शँक हवी तर ‘एस’ असलेला बघायचा, उदाहरणार्थ ६बीएस. अक्षरं तीच, अर्थ वेगळे.

आकड्यांचंही तेच. बाख आणि विकमध्ये आकडा जितका लहान तितका माउथपीस रुंद. यामाहा आणि शिल्कमध्ये उलट, आकडा वाढला की रुंदी वाढते. म्हणजे ‘४८ वरून ६½ वर गेलो’ यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. रिमचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये बघायची सवय लावून घ्या. बाख १२सी २४.५, ६½एएल २५.४, ५जी २५.५, ४जी २६. एवढ्याशा पट्ट्यात सगळा खेळ चालतो. कागदावर अर्धा मिलिमीटर दिसतो, ओठाला तो पाऊण इंचासारखा लागतो.

आणखी एक. अमेरिकेत शाळांमध्ये पुष्कळदा युफोनियमलाच बॅरिटोन म्हणतात. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये बॅरिटोन हे वेगळं वाद्य आहे, नळी बारीक, आवाज उजळ. आमच्या बँडमध्ये दोन युफोनियम आणि दोन बॅरिटोन असतात आणि त्यांचे माउथपीस अदलाबदल करून चालत नाहीत. म्हणून ‘बॅरिटोन माउथपीस’ असं लिहिलेलं दिसलं तर विकणाऱ्याला नेमका व्यास आणि शँक विचारा.

---

लेथवाला_कोल्हापूर

मी वाजवत नाही, पण भाऊ वाजवतो आणि त्याचे माउथपीस माझ्या लेथवर येतात. थोडे आकडे देतो.

शँकच्या टोकाचा बाहेरचा व्यास साधारण असा: लहान ११ मिमी, मधली १२, मोठी १२.७. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे. दांडीला टेपर असतो, म्हणजे ती टोकाकडे निमुळती होते, ढोबळमानाने २० मिमी लांबीला १ मिमी. म्हणजे व्यासात ०.७ मिमीचा फरक पडला की माउथपीस १४ मिमी जास्त आत जातो किंवा तेवढाच बाहेर राहतो.

आता युफोनियमची मूळ नळी साधारण २.७ मीटर, म्हणजे नऊ फूट. त्यात १४ मिमी म्हणजे अर्धा टक्का. दोन शेजारच्या सुरांमधलं अंतर १०० सेंट धरलं तर हा फरक ९ सेंटच्या आसपास जातो. मधल्या शँकचा माउथपीस मोठ्या रिसीव्हरमध्ये घातला तर वाद्य तेवढं चढतं, मोठ्या शँकचा मधल्या रिसीव्हरमध्ये घातला तर उतरतं. ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) ओढून एक सूर जुळवता येईल. पण माउथपीसचं टोक आणि पुढची नळी यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती प्रत्येक सुरावर सारखा परिणाम करत नाही, त्यामुळे एक जुळवला की दुसरा बिघडतो.

---

प्राजक्ता_न्यूजर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. पेन्सिलीची परीक्षा केली. शाळेचा ४८ बरोबर इंचभर जातो, माझा नवा पाच मिलिमीटर. लेकीने स्वतः रेघ मारली आणि वहीत लिहून ठेवलं.

लेथवाले दादा, एक वेडा प्रश्न. हा मोठ्या शँकचा माउथपीस लेथवर घासून लहान करता येईल का? पैसे वाया गेल्याची हळहळ वाटते आहे.

---

लेथवाला_कोल्हापूर

प्रश्न वेडा नाही, भावानेही हाच विचारला होता. पण नका करू. मोठ्या शँकचं आतलं भोकही टोकाकडे मोठं होत जातं. तिथे भिंत मिलिमीटरभराची. बाहेरून १२.७ चं ११ करायचं म्हणजे प्रत्येक बाजूने ०.८५ मिमी काढायचं. मग उरलं काय? कागदासारखी पत्र्याची कड. पहिल्यांदा रिसीव्हरमध्ये घट्ट बसवताना चेपेल.

उलटं जमतं. लहान शँकवर पितळेची टेपर दिलेली बाही चढवून ती मोठ्या रिसीव्हरमध्ये बसवता येते, असे अ‍ॅडॅप्टर तयारही मिळतात. तुमचा माउथपीस जपून ठेवा. लेक मोठी होईल, स्वतःचं मोठं वाद्य घेईल, तेव्हा तोच कामाला येईल.

---

सोलापूर_ब्रास

हा धागा वाचून राहवलं नाही. आमचं लग्नाचं बँड पथक आहे, आजोबांपासून. आजोबांचं युफोनियम मेरठच्या जली कोठीतून आलेलं. तिथे वाद्यं बनवणाऱ्यांची जुनी वस्ती आहे, नादिर अली कंपनी तर १८८५ पासूनची. आपल्या देशातल्या बहुतेक बँडवाल्यांचं पितळ तिथूनच येतं.

आमच्याकडे शँक वगैरे शब्द कुणी वापरत नाही. माउथपीस हरवला की बाजारातून दुसरा आणायचा आणि सैल वाटला तर शँकला कागद गुंडाळायचा. माझे वडील सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद वापरायचे, मी नळाची पांढरी टेप गुंडाळतो. लग्नाच्या वरातीत चार तास चालत, रस्त्याच्या खड्ड्यांतून, जनरेटरच्या आवाजात वाजवायचं असतं. तिथे ९ सेंट कोण मोजतो, असं मला आत्तापर्यंत वाटायचं.

पण एक गोष्ट खटकत आली आहे. माझा वरचा पंचम नेहमी चढा लागतो. ट्रम्पेटवाला माझ्याकडे बघतो. मला वाटायचं माझ्या ओठांतच खोट आहे. बँडवाले काका, हे टेपमुळे असेल का?

---

निवृत्त_बँडवाला (पुणे)

सोलापूरकर, तुम्ही ज्याला ओठांची खोट म्हणता ती बरीचशी वाद्याची आहे. युफोनियमचा मूळ सूर काळी पाच. तो षड्ज धरला तर वरच्या सप्तकातला पंचम, म्हणजे पांढरी चार, बहुतेक सगळ्या युफोनियमवर चढाच लागतो. महागड्या वाद्यांवरसुद्धा. आम्ही तो ओठ सैल सोडून खाली आणायचो, आणि काही वाद्यांना अंगठ्याने ट्यूनिंग स्लाइड ढकलायची कळ लावलेली असते ती याच कारणासाठी.

पण टेप गुंडाळून तुम्ही त्यात भर घालत असणार. टेपेने माउथपीस हलायचा थांबतो, टोकाशी राहिलेली फट मात्र बुजत नाही, हवाही थोडी निसटते. पेन्सिलीची रेघ तुम्हीही मारून बघा. आणि लेथवाल्यांचं गाव तुमच्यापासून लांब नाही.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, मोठ्या माउथपीसने काय होतं. रुंद रिममध्ये ओठाचा जास्त भाग थरथरायला मोकळा राहतो. खोल कपाने सूर गोल, गडद होतो. म्हणून ट्रॉम्बोनचा उथळ कप युफोनियमला लावला की वाद्य ओरडल्यासारखं वाटतं, त्याची माया जाते. युफोनियमचा कप खोल आणि गाळणीसारखा निमुळता हवा. आतलं भोक मोठं असेल तर हवा जास्त लागते. सातवीतल्या मुलीची छाती केवढी? तिला एकदम २६ मिमीचा खोल कप दिला तर दोन दिवस आवाज छान मोठा येईल, तिसऱ्या दिवशी ती दमेल आणि वरचे सूर लागायचे बंद होतील. मग ती माउथपीस ओठांवर दाबेल. एकदा दाबायची सवय लागली की सुटायला वर्ष जातं. मी हे रंगरूटांमध्ये पाहिलंय.

म्हणून तुमच्या सरांचा सल्ला अगदी योग्य आहे. ६½एएल, लहान शँक. तो हळूच एक पायरी वर नेतो.

तारा: रिम गोलसर आणि जरा पसरट असावी, धारदार कडेची नको. दातांच्या डॉक्टरांकडे मेण मिळतं, वाजवण्याआधी पुढच्या तारांवर त्याची बारीक पट्टी लावायची. दहा मिनिटं वाजवून पाच मिनिटं थांबायचं. आणि या महिन्यांत वरच्या सुरांचा हट्ट धरू नये. खालचे लांब सूर, श्वास पोटापर्यंत, एवढंच. तारा निघतील तेव्हा ओठांना पुन्हा नव्याने शिकावं लागेल, तेव्हाही घाबरू नका.

---

यॉर्कशायर_मराठी

काकांशी ९० टक्के सहमत, पण एक मुद्दा मांडतो. काही मुलांचे ओठ मुळातच जाड असतात. त्यांना लहान रिममध्ये कोंबून ठेवणं हाही अन्यायच. आमच्या बँडमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला दोन वर्षं १२सी वर ठेवलं होतं. त्याचा खालचा ओठ रिमवरच बसायचा. २५.६ च्या आसपासचा शिल्क ५१डी दिला आणि पहिल्याच दिवशी त्याचा सूर उघडला. वय बघा, पण आरशासमोर बसवून ओठही बघा. माउथपीस ओठांवर ठेवून हलकेच दूर केला की रिमची गोल खूण उमटते. ती खूण ओठाच्या लाल भागात खोलवर गेलेली दिसली तर माउथपीस लहान पडतोय असं समजा.

डेनिस विक हे नाव वर आलं म्हणून सांगतो, ते लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे मुख्य ट्रॉम्बोनवादक होते, १९५७ ते १९८८. त्यांना बाजारातले माउथपीस पटेनात म्हणून त्यांनी स्वतः घडवायला सुरुवात केली. पुढे युफोनियमवादक स्टीव्हन मीड यांच्यासोबत एसएम नावाची मालिका केली, ती आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक बँडमध्ये दिसते. प्राजक्ताताई, हे आत्ता तुमच्या कामाचं नाही. पण या मोठमोठ्या वादकांनाही तयार माउथपीसवर समाधान नव्हतं, हे लेकीला सांगा. तिला आवडेल.

---

निवृत्त_बँडवाला (पुणे)

ओठ बघायचा मुद्दा बरोबर आहे, मी तो लिहायला हवा होता. फौजेत आम्हाला निवडीला वाव नसायचा. स्टोअरमधून जो मिळेल तो घ्यायचा आणि त्याच्याशी ओठ जुळवायचा. त्यामुळे माझी सवय तशी झाली आहे.

---

प्राजक्ता_न्यूजर्सी

खूण बघितली. लाल भागात गेलेली नाही, पण अगदी काठावर आहे. सरांना फोटो दाखवला. तेही म्हणाले ६½एएलच, लहान शँक.

एक राहिलं. सोन्याचा मुलामा दिलेला घ्यावा का? दुप्पट किंमत दिसते आहे. आणि साफ कसा करायचा? आई म्हणाली चिंच लाव.

---

सोलापूर_ब्रास

ताई, चिंच नका लावू, भांडी घासायची पावडर तर अजिबातच नको. हे मी स्वतः केलंय. माझ्या माउथपीसवरचा चांदीचा मुलामा रिमवर पूर्ण उडाला आणि खालचं पितळ उघडं पडलं. उघड्या पितळेने ओठाभोवती लाल चट्टे आले, भर लग्नसराईत तीन आठवडे वाजवता आलं नाही. तीन आठवडे म्हणजे आमच्या घराला किती पडले ते विचारू नका. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी तो तुकडा बदला. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि आतून लहान ब्रश, एवढंच करायचं. उकळतं पाणी नको.

---

यॉर्कशायर_मराठी

सोनं फक्त चांदी किंवा निकेलने कातडीला त्रास होत असेल तरच. काहींना सोन्याची रिम ओठावर सरकायला बरी वाटते, पण सातवीत त्याची गरज नाही. तुमच्या थंडीत शाळेच्या मैदानावर वाजवायची वेळ आली तर प्लास्टिकचा एखादा स्वस्त माउथपीस बॅगेत ठेवा, गार धातू तारांवर टेकला की मूल कळवळतं.

आणि माउथपीस अडकला तर पक्कड नको, शाळेच्या बँडच्या खोलीत काढायचं यंत्र असतं, तिथे न्या. पकडीने रिसीव्हरचा टाका सुटतो.

---

प्राजक्ता_न्यूजर्सी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. ६½एएल आला. मागवण्याआधी विक्रेत्याला फोन करून ‘लहान शँक’ असं दोनदा वदवून घेतलं. पेन्सिलीची रेघ २४ मिलिमीटरवर आली, खुळखुळ नाही.

पहिले चार दिवस तिला जड गेलं. श्वास पुरत नव्हता, ‘जुनाच बरा होता’ म्हणाली. काकांनी लिहिल्याप्रमाणे दहा मिनिटं आणि पाच मिनिटं असं चालू ठेवलं. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. वरच्या खोलीतून एक खालचा सूर आला, लांब, न थरथरता, आणि कपाटातल्या वाट्या किणकिणल्या. मी गॅस बंद करून जिन्यात बसून राहिले. तिने तो सूर परत परत वाजवला, मला वाटतं तिलाही तो आवडला होता.

काका, ती विचारते आहे की तुम्ही वाजवलेलं काही ऐकायला मिळेल का.

---

निवृत्त_बँडवाला (पुणे)

बेटा, माझे आता पुढचे दोन दात गेले आहेत, पण वाद्य अजून कपाटात आहे. जुनं बेसन, मधली शँक. रविवारी काढतो. उंच सूर नाही लागणार, खालचे लागतील. तूही तुझा तो लांब सूर रेकॉर्ड करून पाठव, काळी पाच, चार श्वासांचा. दोन्ही एकत्र लावून ऐकू.

---

सोलापूर_ब्रास

आजोबांच्या वाद्यावर रेघ मारून आलो. टेप काढल्यावर माझा माउथपीस तळाला अडतोय आणि हलतोय, म्हणजे शँक लहानच होती इतकी वर्षं. लेथवाले दादा, पुढच्या मंगळवारी कोल्हापूरला लग्नाची सुपारी आहे. वाद्य घेऊनच येतोय, बाही बनवून द्याल का?

---

लेथवाला_कोल्हापूर

या. सकाळी दहाच्या आधी या, म्हणजे रिसीव्हर आतून मोजून दुपारपर्यंत देता येईल. टेपेचे उरलेले तुकडे काढून, पुसून आणा.